‘लेजेंड्स ऑफ द फॉल’ : बाबांना ऐकू आलेला सिनेमा

कांडीवाला

मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकतो. धागा एका जुन्या इंग्रजी सिनेमाबद्दल आहे आणि निम्मा आमच्या बाबांबद्दल. दोन्ही वेगळं करून लिहायचा प्रयत्न केला, जमलं नाही. सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहून घ्या, कारण पुढे शेवटापर्यंतची सगळी गोष्ट फोडली आहे.

मागच्या महिन्यात आमच्या भागात पाणी रात्री साडेबाराला आलं. सोलापूरकरांना सांगायला नको, पाण्याचा दिवस म्हणजे अख्खं घर जागं. टाकी, पिंपं, हंडे, शेवटी बादल्या, असं करत दीड वाजला. आई जाऊन पडली. माझी झोप उडाली होती म्हणून मी टीव्हीला मोबाइल जोडून ‘लेजेंड्स ऑफ द फॉल’ लावला. कॉलेजात असताना अर्धवट पाहिलेला. बाबा ओले पाय पुसत आले आणि शेजारच्या खुर्चीत बसले.

बाबांनी चौतीस वर्षं यंत्रमाग चालवले, आधी दुसऱ्याकडे मग स्वतःचे आठ. धोट्याचे माग (आडवा धागा घेऊन धोटा इकडून तिकडे आपटत जातो ते), चादरीचे. आता त्यांना बोललेलं समजत नाही. ऐकू येतं, समजत नाही. “काय?” असं तीनदा विचारण्यापेक्षा ते गप्प राहतात आणि समोरच्याच्या ओठांकडे बघतात. कारखान्यात सगळेच असं बोलायचे, ओठांनी आणि हातांनी. मराठी-हिंदी सिनेमा ते या सवयीवर निभावून नेतात. इंग्रजीचं मात्र ओठ वाचूनही काही हाती लागत नाही, आणि खाली येणारी पाटी इंग्रजीत. म्हणजे दोन तास तेरा मिनिटांचा हा सिनेमा त्यांनी फक्त चित्र आणि संगीत यांवर पाहिला. मी दोनदा विचारलं, बंद करू का? हातानेच ‘असू दे’ म्हणाले.

सिनेमा संपला तेव्हा पावणेचार झाले होते. त्यांनी मला गोष्ट सांगितली, जवळजवळ सगळी बरोबर. आणि मग म्हणाले, “ती धून त्यांच्या घरची हाय. आधी घरात वाजली. मग पोरगं घर सोडून गेलं तर त्याच्या मागं मागं गेली.”

मी त्या रात्रीपासून याच वाक्याशी अडकलो आहे.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. सिनेमा १९९४ चा, दिग्दर्शक एडवर्ड झ्विक, मूळ जिम हॅरिसन यांची १९७९ मधली दीर्घकथा. अमेरिकेत मोंटानाच्या डोंगरात कर्नल लडलो (अँथनी हॉपकिन्स) लष्कर सोडून राहतो, कारण मूळ रहिवाशांशी सरकार जे वागलं ते त्याला पटलेलं नाही. त्याला तीन मुलगे: थोरला आल्फ्रेड, मधला ट्रिस्टन (ब्रॅड पिट), धाकटा सॅम्युअल. धाकटा आपली वाग्दत्त वधू सुझॅना हिला घरी आणतो आणि थोड्याच दिवसांत तिघेही पहिल्या महायुद्धावर जातात. धाकटा तिथे मरतो. मग मधला आणि सुझॅना जवळ येतात, मधला अपराधाच्या ओझ्याखाली घर सोडून समुद्रावर निघून जातो, ती वर्षानुवर्षं वाट बघून थोरल्याशी लग्न करते, मधला परत येतो. पुढे दारूबंदीचा काळ, चोरटी दारू, खून, सूड, आत्महत्या, आणि अगदी शेवटी १९६३ साली म्हातारा ट्रिस्टन अस्वलाशी झुंजताना मरतो.

सगळं वाचून दमलात ना? पटकथेचा दोष हाच आहे. एवढ्या मरणांतलं एकही नीट पचायला वेळ मिळत नाही. पात्रं एकमेकांशी जे बोलतात ते बहुतेक वेळा मोठं आणि ठोकळ असतं. सुझॅनाने तर नुसतं वाट बघायची आणि रडायचं. जॉन टोल यांच्या छायाचित्रणाला ऑस्कर मिळालं, ते न्याय्यच आहे, एकेक चौकट भिंतीवर लावावी अशी. तरी नुसत्या देखाव्यावर माणूस पहाटेपर्यंत बसत नाही.

बसवतं ते जेम्स हॉर्नर यांचं संगीत. घराची जी मुख्य धून आहे ती ध्वनिफितीवर ‘द लडलोज’ या नावाने सापडेल. सुरुवात एकट्या पियानोने होते. अगदी साधे स्वर, संध्याकाळी घरातलं कुणीतरी दिवा लावल्यावर सहज वाजवायला बसावं तसे. मग तंतुवाद्यं येतात आणि खोली मोठी होत जाते. पियानोच का, याचंही उत्तर सिनेमात आहे: सुझॅना पहिल्यांदा येते तेव्हा त्या डोंगरातल्या घरात पियानोपाशी गाणं होतं आणि घरातली माणसं ऐकत बसतात. या घराला सुख असं एवढंच मिळालं, त्या एका उन्हाळ्यापुरतं. पुढची चाळीस-पन्नास वर्षं संगीत आपल्याला तिथेच परत नेत राहतं. पटकथा ती संध्याकाळ विसरून जाते, संगीतकार विसरत नाही.

ट्रिस्टन कित्येक वर्षांनी घोड्यांचा कळप घेऊन परततो तो प्रसंग आठवा. कर्नलला तोवर अर्धांगवायू झालेला, वाचा जवळजवळ गेलेली, गळ्यात पाटी अडकवलेली. वाद्यवृंद चढत जातो, टेकाडावरून घोडे उतरतात, आणि म्हातारा पाटीवर आनंद झाल्याचे दोन शब्द लिहून मुलाला दाखवतो. पाटी दिसल्यावर बाबा खुर्चीत पुढे सरकून बसले.

मला विचारायचंय ते असं: संगीताने सिनेमा तारून नेला असं आपण सहज म्हणतो. तुम्हाला असा अनुभव कुठे आला? आणि ज्याला शब्द कळतच नाहीत अशा माणसाबरोबर बसून तुम्ही कधी सिनेमा पाहिलाय का?

हुरडा_जानेवारी

वाचला, आणि लगेच ती धून लावली. घोड्यांचा प्रसंग मी केबलवर पाहिला होता, शाळेत असेन. बाकी सिनेमा पुसून गेला, तेवढं राहिलं. बाबांना कोणता भाऊ आवडला ते लिहा की.

कानसेन

सुंदर धागा. संगीताबद्दल थोडी भर घालतो.

हे संगीत लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राने वाजवलंय. त्यात पियानो आणि तंतुवाद्यांखेरीज दोन आवाज मुद्दाम कान देऊन ऐका. एक ‘फिडल’, म्हणजे वाद्य व्हायोलिनच, पण वाजवण्याची पद्धत गावाकडची, नाचाच्या अंगाची. घर, अंगण, शेत हे सगळं त्या आवाजातून येतं. दुसरा आवाज शाकुहाचीचा, हा जपानी बासरीचा प्रकार. काझू मात्सुई यांनी वाजवलीय. हॉर्नर यांच्याकडे त्यांनी अनेक चित्रपटांत वाजवलं.

आपली बासरी आडवी धरतात, शाकुहाची उभी, टोकाशी ओठ लावून. बांबू जाड, भोकं फक्त पाच, चार पुढे आणि एक मागे अंगठ्यासाठी. तिची ठरलेली लांबी एक ‘शाकु’ आणि आठ ‘सुन’, म्हणजे साधारण साडेचोपन्न सेंटीमीटर, आणि नावही त्या मापावरूनच पडलंय. हनुवटी जराशी खाली-वर केली की स्वर घसरतो, आपल्या मींडेसारखा. आणि स्वराबरोबर फुंकही ऐकू येते. एरवी वादक फुंक लपवतो, इथे ती वाद्याचा भागच आहे. या सिनेमात ट्रिस्टनच्या आतलं जे रानटी आहे, अस्वलाशी बांधलेलं, तिथे हा आवाज येतो.

म्हणजे पियानो घराचा आणि फुंकेची बासरी रानाची. तुमच्या बाबांना इंग्रजी न येता गोष्ट कळली यात मला नवल वाटत नाही. संगीतकाराने ती दुसऱ्या भाषेत पूर्ण सांगून ठेवली होती.

रोखठोक

धागा मनापासून लिहिलाय म्हणून मीही मनापासून विरोध नोंदवतो.

ज्या सिनेमाला संगीताने तारावं लागतं तो बुडालेलाच असतो. इथे दर दहा मिनिटांनी वाद्यवृंद येऊन प्रेक्षकाला सांगतो की आता रडा. सॅम्युअल मरतो, वाद्यवृंद. ट्रिस्टन जातो, वाद्यवृंद. ट्रिस्टन येतो, पुन्हा तेच. दुःख पात्रांच्या वागण्यातून उभं करायचं काम लेखकाचं होतं, ते केलं नाही आणि खड्डा व्हायोलिननी बुजवला.

दुसरं, गोष्ट सांगणारा म्हातारा वन स्टॅब हा क्री जमातीचा. त्याच्या आणि ट्रिस्टनच्या नात्यासाठी जपानी बासरी का? हॉर्नर तीच बासरी त्याआधीपासून इतर चित्रपटांत वापरत होते. त्यांची एक चार स्वरांची धोक्याची खूण तर इतक्या चित्रपटांत येते की जाणकार ती ओळखूनच असतात. सुंदर असेल, पण त्या मातीचं नाही.

तिसरं, आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण देतो. ‘सैराट’ करमाळा तालुक्यात घडतो, तिथेच चित्रित झाला. २०१६ साली आलेल्या या सिनेमासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसला जाऊन तिथल्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं. म्हणजे हॉर्नरच्या तोडीचा मोठा आवाज हाताशी होता. तरी शेवटचा प्रसंग आठवा. ते लहान मूल दारातून बाहेर येतं, लाल पावलं उमटतात, आणि संगीत नाही. काही म्हणजे काहीच वाजत नाही. थिएटरात कुणी हललं नव्हतं. नागराज मंजुळे यांना कळलं होतं की इथे एक स्वर जरी वाजला तरी प्रेक्षकाला आधार मिळेल, आणि त्यांना तो द्यायचा नव्हता. मला हे धैर्य मोठं वाटतं.

सातरस्ता_क्लॅरिनेट

रोखठोक, सैराटचं एकदम मान्य. पण मी वाजवणारा माणूस आहे, दुसऱ्या बाजूने सांगतो.

आमचं घर बँडवाल्यांचं. लग्नाच्या वरातीत एकच गाणं नवरा निघताना वाजतं आणि मुलगी जाताना वाजतं, फक्त लय बदलतो. निघताना ताशा अंगात येतो. मुलगी जाताना ताशा थांबतो आणि क्लॅरिनेट एकटी तेच गाणं ओढून म्हणते. सकाळी नाचलेली माणसं संध्याकाळी त्याच चालीवर डोळे पुसतात. गाणं दुसरं असतं तर पुसले नसते, कारण सकाळ आठवली नसती. सकाळी नीट वाजवली नाही तर संध्याकाळी कुणी रडत नाही, हे मी वडिलांकडून शिकलो.

हॉर्नर यांनी तेच केलंय. धून आधी सुखात वाजवून घेतली. त्यामुळे दुःखात ती आली की ते रडवणं नसतं, आठवण असते. काल रात्री मी ती क्लॅरिनेटवर बसवून पाहिली. सोपी आहे, आठवीतलं पोर वाजवेल. अवघड आहे ते मधल्या लांब स्वरावर थांबणं. घाई केली की फिल्मी वाटते. श्वास पुरवून थांबलं की घरातली माणसं हातातलं काम ठेवून बघायला लागतात. आमची आई लसूण सोलत होती, थांबली.

कान_नाक_घसा

मूळ धाग्यातल्या एका वाक्यावर लिहायलाच हवं: ‘ऐकू येतं, समजत नाही.’ सोलापुरात माझ्याकडे येणारा दर दुसरा म्हातारा विणकर याच शब्दांत तक्रार सांगतो.

सततच्या आवाजाने कानाच्या आतल्या सूक्ष्म केसपेशी मरतात. त्या पुन्हा उगवत नाहीत. पहिला घाव बसतो तो साधारण ४००० हर्ट्झच्या (स्वर किती बारीक ते मोजायचं एकक) आसपास, तपासणीच्या आलेखात तिथे खड्डा दिसतो, आणि वर्षं जातील तसा तो रुंद होतो. आपल्या बोलण्यातले स्वर (आ, ओ, ऊ) खालच्या पट्टीतले आणि दमदार. व्यंजनं, विशेषतः स, श, फ, थ, ही वरच्या पट्टीतली आणि दुबळी. ती गेली की माणसाला आवाज येतो पण शब्द कळत नाही. ‘साथ’, ‘हात’ आणि ‘भात’ सगळं एकच. घरचे म्हणतात, यांना हवं तेवढं बरोबर ऐकू येतं. तो फार मोठा अन्याय आहे.

आपल्याकडे कारखान्यासाठी आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे. धोट्याच्या मागांच्या बंद शेडमध्ये ती सहज ओलांडली जाते, आणि घरगुती कारखान्यात कानात बोळा घालणारा मी क्वचितच पाहिला.

आता संगीताचं. पियानोच्या सगळ्यात शेवटच्या, सगळ्यात बारीक पट्टीचा मूळ स्वर जवळपास ४१८६ हर्ट्झचा असतो. म्हणजे जवळजवळ अख्खा पियानो, आणि वाद्यवृंदातल्या बहुतेक सगळ्या चाली, त्या खड्ड्याच्या अलीकडे येतात. तुमच्या बाबांच्या कानात जो भाग शाबूत आहे नेमका त्यातच ती धून आहे. चकाकी कमी ऐकू येत असेल, शाकुहाचीची फुंक बहुधा अजिबात नाही, पण चाल पूर्ण पोचली असणार. त्या रात्री खोलीत बसलेल्यांपैकी संगीताकडे सगळ्यात जास्त लक्ष बाबांचं होतं, कारण दुसरं काही मध्ये येतच नव्हतं.

कृपा करून त्यांची कानाची तपासणी करून घ्या. यंत्र लावायचं असेल तर उशीर करू नका. मेंदूला शब्दांची सवय सुटत जाते, मग यंत्र लावूनही जड जातं. आणि एक साधं: स्पीकर लाकडी फळीवर ठेवा, त्यांना हात त्यावर ठेवू द्या. खर्जातली वाद्यं तळहाताला कळतात.

पूर्वभागकर

डॉक्टर, हे वाचून हातातला चहा तसाच राहिला. आम्ही अशोक चौकाच्या बाजूचे, घरात तेलुगू. माझे सासरे असेच होते. आम्ही सगळे त्यांच्यावर ओरडून बोलायचो. ओरडल्याने व्यंजन मोठं होत नाही हे आज कळलं. ते जाऊन सहा वर्षं झाली.

कांडीवाला, पाटी पाहून बाबा पुढे सरकले हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, मी तिथेच थांबले. आमच्या सासऱ्यांसाठी नातवाने शाळेची पाटी ठेवली होती. तिच्यावर ‘जेवायला या’ एवढं लिहिलं तरी त्यांचा चेहरा बदलायचा. कुणीतरी आपल्यासाठी बसून लिहिलं, म्हणून.

आमच्याकडे धाकटे दीर भिवंडीला गेले. माग तिकडेही तेच, माणसं अर्धी इथलीच. ते आले की सासूबाई गव्हाची खीर करायच्या. इथे राहून रोज पाणी भरणाऱ्या माझ्या नवऱ्यासाठी खीर कधी झाली नाही. तुमच्या बाबांना कोणता भाऊ आवडला, हा प्रश्न हुरडा यांनी विचारलाय त्याचं उत्तर द्याच.

कांडीवाला

सगळ्यांचे आभार. आधी रोखठोक यांना. पटकथेच्या दोषाचं तुमच्याआधी मीच लिहिलंय, आणि जपानी बासरीचा आक्षेप रास्त आहे. सैराटच्या शेवटाबद्दल तर वादच नाही. पण दोन सिनेमांची गरज वेगळी आहे. तिथे एका क्षणी सगळं संपतं, म्हणून शांतता. इथे काहीच संपत नाही, घर तुटतं आणि तरी माणसं त्या घराचीच राहतात, पन्नास वर्षं. ते चिवट राहणं कशाने दाखवायचं? संवादांनी जमलेलं नाही हे आपण दोघेही मान्य करतो. धुनेने जमलंय असं माझं म्हणणं.

आता हुरडा आणि पूर्वभागकर यांच्या प्रश्नाचं. हे मी मूळ धाग्यात लिहायचं टाळलं होतं.

बाबांना आल्फ्रेड आवडला. थोरला. मला धक्का बसला, कारण सगळा सिनेमा ट्रिस्टनच्या प्रेमात आहे, प्रेक्षकही. आल्फ्रेड सरळमार्गी, हेलेना शहरात जाऊन धंदा करतो, मग राजकारणात जातो, बापाला ते पटत नाही. एका प्रसंगी तो ट्रिस्टनला म्हणतो की मी देवाचे आणि माणसांचे सगळे नियम पाळले, तू एकही पाळला नाहीस, आणि तरी सगळ्यांनी तुझ्यावरच जास्त माया केली. बाबांना हे शब्द कळलेले नव्हते. पण ते मला म्हणाले, “थोरल्याला धून का न्हाई? पळून गेला त्याच्या मागं वाजती, आला की वाजती. जो थांबला त्याला काय?”

बाबा तिघांत थोरले. मधले काका सुरतेला गेले, धाकटे भिवंडीला. गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) जत्रेला येतात, नंदीध्वजाच्या काठ्या बघतात, चार दिवस राहून जातात. आजी होती तोवर आठवडाभर आधीपासून शेंगापोळ्या. आजीचं आजारपण, कारखान्याचं कर्ज, पाण्याच्या रात्री, हे सगळं बाबांकडे. त्यांनी याबद्दल आजवर एक अक्षर काढलं नाही. त्या पहाटे हा एक प्रश्न विचारला, तोही सिनेमाबद्दल, आणि उठून झोपायला गेले. मला उत्तर देता आलं नाही.

संगीत जाणणाऱ्यांनी सांगा, आल्फ्रेडला खरंच काही दिलं नाही का?

कानसेन

हा प्रश्न मी आजवर वाचलेल्या कुठल्याही परीक्षणात नाही. परत पूर्ण ऐकून सांगतो.

रोखठोक

बाबांचा प्रश्न वाचून मी काल रात्री एक प्रयोग केला. घोड्यांचा प्रसंग आवाज पूर्ण बंद करून पाहिला. एक माणूस घोड्यावरून येतो, बस. छान ऊन आहे, कातडी कोट छान आहे. मला काहीही वाटलं नाही. मग फोन खिशात ठेवून फक्त संगीत ऐकलं, मोदीखान्याकडून घरापर्यंत चालत. आणि मला माझा भाऊ आठवला, जो पुण्यात आहे आणि ज्याच्याशी मी दिवाळीनंतर बोललेलो नाही.

लेखकाने काम केलं नाही हे माझं मत कायम आहे. संगीत खड्डा बुजवतं असं मी लिहिलं होतं, ते मागे घेतो. त्याने शेजारी दुसरा रस्ता केला आहे.

कानसेन

ऐकलं, दोनदा.

ध्वनिफितीत तेरा तुकडे आहेत. ‘आल्फ्रेड मूव्ह्ज टू हेलेना’ असा एक तुकडा त्याच्या नावाचा आहे, पण तो जाण्याचा आहे, घर रिकामं होण्याचा. बाबांची तक्रार इथपर्यंत खरी आहे.

पण शेवटचा तुकडा बघा, जवळपास पंधरा मिनिटांचा. नाव: ‘आल्फ्रेड, ट्रिस्टन, द कर्नल, द लेजंड’. पहिलं नाव आल्फ्रेडचं. प्रसंग आठवा. बंदुका घेऊन माणसं अंगणात आली आहेत, म्हातारा कर्नल आणि ट्रिस्टन जवळजवळ मेलेच, आणि गोळी येते ती आल्फ्रेडची. वर्षानुवर्षं बापाशी न बोललेला थोरला मुलगा ऐन वेळी घरी आलेला असतो. कर्नल अडखळत त्याच्याकडे जातो आणि त्याला मिठीत घेतो. सगळ्या सिनेमात त्या बापाने थोरल्याला असं जवळ घेतलेलं मला दुसरीकडे आठवत नाही. त्यानंतर ट्रिस्टन आपली मुलं आल्फ्रेडच्याच हवाली करतो. म्हणजे घर कुणाकडे राहिलं? अस्वल आणि दंतकथा नंतर येते. हॉर्नर यांनी शेवटचा डाव थोरल्यापासून मांडलाय.

२०१५ च्या जूनमध्ये हॉर्नर स्वतःचं लहान विमान चालवताना अपघातात गेले. ‘टायटॅनिक’साठी त्यांना दोन ऑस्कर मिळाली, आणि जगाला ते त्यासाठीच माहीत आहेत. माझ्यापुरती ही पंधरा मिनिटं त्याहून वरची आहेत. बाबांना हा तुकडा ऐकवा.

सातरस्ता_क्लॅरिनेट

ऐकवताना आवाज फार वाढवू नका. खर्ज फाटतो. डॉक्टरांनी सांगितलं तसं फळीवर ठेवा.

कांडीवाला

काल ऐकवलं.

कारखान्यात बीम (सूत गुंडाळलेला मोठा रूळ) ठेवायची एक जुनी सागवानी फळी माळ्यावर होती, ती खाली काढली. दोन खुर्च्यांवर आडवी ठेवली, तिच्यावर स्पीकर. बाबांनी आधी फळीला हात लावून बघितलं, कुठे भेग गेलीय का ते, सवयीने. मग दोन्ही तळहात टेकले आणि डोळे मिटले.

मी आधी तो प्रसंग टीव्हीवर दाखवला. गोळी, म्हातारा वळतो, मिठी. मग टीव्ही बंद करून नुसता तुकडा लावला. कानसेन, तुम्ही लिहिलेलं सगळं मी त्यांना सांगणार होतो, पण ओरडून सांगण्यासारखं ते नव्हतं. म्हणून भाचीची पाटी घेतली आणि लिहिलं: ‘पहिलं नाव थोरल्याचं आहे.’ त्यांनी ती चष्मा वर करून वाचली. पुन्हा डोळे मिटले. पूर्ण पंधरा मिनिटं हात उचलले नाहीत. एके ठिकाणी, चेलो (खर्जातली मोठी व्हायोलिनं) खाली उतरतात तिथे, उजव्या हाताची बोटं हलली, कांडी (धोट्यातली सुताची नळी) संपत आली की मागावर हात ठेवून ते जशी चाचपायचे तशी.

संपल्यावर म्हणाले, “वाजलं की. उशिरा वाजलं.”

पाटी त्यांनी पुसू दिली नाही, टीव्हीशेजारी उभी करून ठेवलीय. डॉक्टर, कानाच्या तपासणीची सोमवारची वेळ घेतली आहे. आज रात्री पाणी यायचं आहे. भरून झालं की परत लावू म्हणालेत, आणि या वेळी आईलाही उठवायचंय.